दहा हजारांची स्कॉलरशिप, अडीच हजारांची बचत: एका अवॉर्ड लेटरचा हिशेब

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजचं पहिलं बिल आलं: एका सेमिस्टरचे 20,000 डॉलर. एप्रिलमधल्या अवॉर्ड लेटरवरून (कॉलेजची आर्थिक मदत सांगणारं पत्र) घरात धरलेला आकडा होता वर्षाला 27,000, म्हणजे सेमिस्टरला साडेतेरा हजार. मधल्या काळात मुलीला बाहेरच्या तीन स्कॉलरशिप मिळून 10,000 डॉलर मंजूर झाले होते, त्यामुळे बिल आणखी खाली येईल अशी सगळ्यांची समजूत होती. ते वर का गेलं, दहा हजार कुठे गेले आणि त्यातले किती परत मिळवता आले, याचा हा हिशेब आहे. प्रकरण नमुन्याचं आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत असे घेतले आहेत. फेडरल, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारचे, नियम, व्याजदर आणि मर्यादा मात्र 2025-26 या वर्षाच्या, जशाच्या तशा आहेत.

घर न्यू जर्सीतल्या एडिसनचं. आईवडील दोघंही नोकरी करणारे, मिळून उत्पन्न 1,38,000 डॉलर. मोठी मुलगी अमेरिकेत जन्मलेली, धाकटा भाऊ दहावीत. मुलीला दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला. 529 या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात 31,000 डॉलर साठलेले.

अर्जाच्या वेळी दोन गोष्टींवर घरात वाद झाला. दोन्ही आपल्याकडच्या बऱ्याच घरांत निघतात, म्हणून आधी त्या सांगतो. पहिली पुण्यातल्या फ्लॅटची. आईच्या नावावर तिथल्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा आहे. "इथल्या सरकारला तिकडच्या फ्लॅटचं काय?" हा वडिलांचा प्रश्न. पण फाफ्सा या फेडरल मदतीच्या फॉर्ममध्ये राहतं घर तेवढं सोडायचं असतं. बाकी स्थावर मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती गुंतवणूक म्हणून दाखवावी लागते. आपला हिस्सा घ्यायचा, त्यावरचं कर्ज वजा करायचं आणि फॉर्म भरण्याच्या दिवशीची किंमत डॉलरमध्ये लिहायची. इथे ती 36,000 भरली. आईवडिलांच्या मालमत्तेतला जास्तीत जास्त 5.64 टक्के भाग घरच्या वाट्यात, म्हणजे घराने स्वतः भरावी असं धरलेल्या रकमेत, मोजला जातो, म्हणजे फार तर सुमारे 2,000 डॉलरचा फरक. तेवढ्यासाठी फ्लॅट लपवून खोट्या माहितीवर सही करणं शहाणपणाचं नाही. दुसरी गोष्ट साताऱ्याला आजीआजोबांना दरमहा पाठवायच्या पैशांची. फाफ्सामध्ये त्याला रकाना नाही. सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा वेगळा अर्ज मागणाऱ्या कॉलेजांत मात्र विशेष परिस्थितीच्या जागेत ते लिहिता येतं आणि त्यासाठी बँकेच्या पावत्या जोडता येतात. धरायचं की नाही, हे कॉलेज ठरवतं.

इथे एक खुलासा करायला हवा. आईवडील एच-1बी वर असले किंवा एखाद्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला, तरी नागरिक असलेल्या मुलाच्या फेडरल मदतीला बाधा येत नाही. नंबर नसलेल्या पालकालाही फाफ्सासाठी खातं उघडता येतं. पण मूल स्वतः एच-4 या आश्रितांच्या व्हिसावर असेल तर फेडरल मदत मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर मिळते. एकाच घरातल्या दोन भावंडांचे नियम असे वेगळे निघू शकतात.

आता अवॉर्ड लेटरकडे येऊ. त्यात वर्षाचा एकूण खर्च 84,600 डॉलर दाखवला होता: ट्यूशन 62,000, स्टुडंट फी 1,900, राहणं-जेवण 17,200, पुस्तकं 1,000, वरखर्च 1,500, प्रवास 1,000. त्याखाली मदतीची यादी:

कॉलेजची ग्रँट 49,600
सबसिडाइज्ड लोन (शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं) 3,500
अनसबसिडाइज्ड लोन (व्याज पहिल्या दिवसापासून आपलं) 2,000
वर्क-स्टडी (सरकारी मदतीचं अर्धवेळ काम) 2,500
पॅरेंट प्लस लोन (पालकांनी काढायचं फेडरल कर्ज) 27,000
एकूण 84,600. शिल्लक देणं 0.

हा शेवटचा शून्य सगळ्यात घातक. या पाच ओळींत देणगी एकच आहे, ग्रँट. बाकी तीन ओळी कर्जाच्या आणि एक मुलीच्या मजुरीची. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या जीएओ या तपास यंत्रणेने 2022 मध्ये कॉलेजांची अशी पत्रं तपासली. खरी निव्वळ किंमत न सांगणारी किंवा ती कमी दाखवणारी कॉलेजं तिच्या अंदाजाने 91 टक्के निघाली. तेव्हा पत्र हातात आलं की पहिलं काम एकच: एकूण खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करायची. 84,600 वजा 49,600, म्हणजे 35,000. या कॉलेजच्या एका वर्षाची खरी किंमत ही. तो पैसा आज खिशातून जाईल किंवा पुढे व्याजासकट जाईल, पण घरातूनच जाईल. दोन कॉलेजांची तुलना करायची असेल तर याच आकड्यावर करावी.

पॅरेंट प्लसची ओळ तर सरळ खोडून टाकावी. ती मंजुरी नसते, अर्ज करता येईल एवढीच सूचना असते. 2025-26 साठी त्याचा व्याजदर 8.94 टक्के आहे आणि वर 4.228 टक्के फी आधीच कापून घेतात. 27,000 च्या कर्जावर ती फी सुमारे 1,140 डॉलर होते. शिवाय 1 जुलै 2026 पासून नव्याने प्लस घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलर एवढीच मर्यादा आहे. म्हणजे या पत्रातला 27,000 चा आकडा त्यानंतर नव्याने कर्ज काढणाऱ्याला मिळणारच नाही.

मग बिल 20,000 कसं झालं? बिल उघडून ओळ न ओळ पाहिली तेव्हा त्यात हे होतं: अर्ध्या वर्षाचं ट्यूशन, फी, राहणं-जेवण मिळून 40,550, आरोग्य विमा, अख्ख्या वर्षाचा, 3,900, ओरिएंटेशन फी, एकदाच, 350. बेरीज 44,800. त्यातून ग्रँटचा अर्धा हप्ता 24,800 वजा. उरले बरोबर 20,000. लोनचा तर पत्ताच नव्हता.

लोन दिसत नव्हतं याचं कारण, पोर्टलवर "स्वीकारलं" असं बटण दाबणं पुरेसं नसतं. विद्यार्थिनीने स्वतः, आईवडिलांनी नव्हे, स्टुडंटएडच्या सरकारी संकेतस्थळावर मास्टर प्रॉमिसरी नोटवर (कर्जफेडीचा करार) सही करायची असते आणि एन्ट्रन्स काउन्सेलिंग (कर्जाची ऑनलाइन माहिती) पुरं करायचं असतं. दोन्ही मिळून तासाभराचं काम. ते झाल्यावर बिलातून 2,721 वजा झाले. 2,750 का नाहीत? कारण फेडरल लोनवर 1.057 टक्के फी आधीच कापतात. 5,500 च्या लोनमधून वर्षाला 5,442 हातात येतात, फेडायचे मात्र 5,500.

आरोग्य विम्याची ओळ सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात सहज निघते. विद्यार्थ्याला विमा असलाच पाहिजे असा कॉलेजचा नियम असतो, म्हणून सगळ्यांच्याच बिलावर कॉलेजचा विमा चढवतात. वडिलांच्या नोकरीच्या विम्यात मुलगी 26 वर्षांची होईपर्यंत राहू शकते. तेव्हा कॉलेजच्या पोर्टलवर वेव्हर, म्हणजे सूट मागण्याचा, फॉर्म भरायचा, विमा कार्डाच्या दोन्ही बाजू जोडायच्या. इथे शेवटची तारीख 15 ऑगस्ट होती. पहिला अर्ज फेटाळला गेला. वडिलांचा प्लॅन एचएमओ होता, डॉक्टरांचं जाळं न्यू जर्सीपुरतं, आणि कॉलेजच्या गावात तातडीच्या उपचारांशिवाय काही मिळत नव्हतं. अशा वेळी विमा कंपनीला फोन करून विचारायचं, की राज्याबाहेर शिकणाऱ्या मुलांसाठी काही सोय आहे का. या प्लॅनमध्ये ती होती. कंपनीकडून तसं पत्र घेऊन पुन्हा अर्ज केला, वेव्हर मंजूर झाला आणि 3,900 उतरले. तारीख चुकली असती तर ते भरावेच लागले असते, कारण मुदतीनंतर सहसा कोणी ऐकून घेत नाही.

बाकीच्या फीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्टुडंट फी, म्हणजे जिम, बस, क्लब, आरोग्य केंद्र यांची वर्गणी, बहुतेक ठिकाणी काढता येत नाही. ट्यूशन रिफंड इन्शुरन्स, वार्षिकांक, पार्किंग असं काही आपोआप टिकमार्क होऊन आलं असेल तर ते मात्र तपासून काढावं. 350 ची ओरिएंटेशन फी द्यावीच लागली.

म्हणजे बाहेरच्या स्कॉलरशिप येण्याआधी पहिल्या सेमिस्टरचं देणं 20,000 वरून 13,379 वर आलं होतं.

आता त्या दहा हजारांकडे. वडिलांच्या कंपनीच्या फाउंडेशनचे 6,000, गावच्या शिक्षण निधीचे 2,500, महाराष्ट्र मंडळाचे 1,500. मिळालेली प्रत्येक बाहेरची स्कॉलरशिप एड ऑफिसला, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या कार्यालयाला, कळवणं बंधनकारक असतं. न कळवता चेक थेट आला तरी तो सहसा कॉलेजच्या नावाने असतो आणि नोंद होतेच, फक्त उशिरा होते. मग ऑक्टोबरमध्ये मदतीचा हिशेब नव्याने मांडला जातो, खात्यावर अचानक देणं उभं राहतं आणि पुढच्या सेमिस्टरच्या नोंदणीवर होल्ड लागतो. या मुलीने जुलैअखेर तिन्ही पत्रं पाठवली. आठवड्याने नवं अवॉर्ड लेटर आलं. त्यात बाहेरच्या स्कॉलरशिप 10,000, दोन्ही लोन शून्य, वर्क-स्टडी शून्य आणि ग्रँट 49,600 ऐवजी 47,600. सेमिस्टरचं देणं 13,379 वरून 12,100 झालं. वर्षाचा फरक 2,558 डॉलर.

घरात संताप झाला आणि तो समजण्यासारखा आहे. निबंध लिहिले, शिफारसपत्रं गोळा केली, मुलाखती दिल्या, आणि बिलात दिसला जेमतेम चौथा हिस्सा. पण दहा हजारांचे तुकडे नीट पाहावे लागतात. 5,500 नी कर्ज टाळलं, हा खरा फायदा आहे, बिलात तो पूर्ण दिसत नाही एवढंच. 2,500 नी वर्क-स्टडीची जागा घेतली. ते पैसे बिलातून कधी वजा होणारच नव्हते, काम मिळालं तर पगाराच्या रूपाने हातात येणार होते. उरलेले 2,000 मात्र सरळ कॉलेजच्या तिजोरीत गेले. कॉलेजने आपली ग्रँट तेवढी कमी केली आणि देणगीदारांचे पैसे त्या जागी बसवले. भांडायचं असेल तर या दोन हजारांसाठी.

"फेडरल नियमामुळे आम्हाला कापावं लागतं," असं उत्तर एड ऑफिसकडून अनेकदा मिळतं. ते अर्धंच खरं आहे. गरजेवर आधारलेली फेडरल मदत आणि इतर सगळी मदत मिळून विद्यार्थ्याच्या ठरलेल्या गरजेपेक्षा (वार्षिक खर्च वजा घरचा वाटा) जास्त होता कामा नये, हा नियम खरा आहे. त्यासाठी सबसिडाइज्ड लोन किंवा वर्क-स्टडी कमी करावं लागतं. ते इथे झालंच होतं. फेडरल मदत शून्यावर आल्यानंतर कॉलेजने स्वतःची ग्रँट कापावी असं फेडरल नियम सांगत नाही. तो कॉलेजचा स्वतःचा रिवाज. काही राज्यांनी त्याला कायद्याने वेसण घातली आहे. मेरीलँडने 2017 मध्ये सरकारी कॉलेजांसाठी हे पहिल्यांदा केलं. नंतर कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन या राज्यांतही कायदे झाले, प्रत्येकाची व्याप्ती वेगळी. पण कायदा लागू होतो तो कॉलेज जिथे आहे त्या राज्याचा. आपण एडिसनला राहतो म्हणून न्यू जर्सीचा कायदा दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजला लावता येत नाही.

पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची फेडरल ग्रँट, मिळणाऱ्या मुलांसाठी एक दिलाशाची गोष्ट: 2025-26 च्या नियमांनुसार बाहेरची स्कॉलरशिप मिळाली म्हणून पेलचा आकडा कमी होत नाही. या घराचं उत्पन्न पेलच्या पलीकडचं असल्याने इथे तो प्रश्न नव्हता.

मुलीने एड ऑफिसला जो ईमेल पाठवला त्यात तक्रार नव्हती, चार प्रश्न होते. आपलं बाहेरच्या स्कॉलरशिपबाबतचं लेखी धोरण कुठे मिळेल? आधी अनसबसिडाइज्ड, मग सबसिडाइज्ड, मग वर्क-स्टडी, असाच क्रम आहे का? एकवेळचा लॅपटॉपचा खर्च वार्षिक खर्चात वाढवून मिळेल का? देणगीदाराने रक्कम दोन वर्षांत विभागून दिली तर या वर्षीचा हिशेब नव्याने होईल का? सोबत लॅपटॉपचं 1,400 डॉलरचं तिच्या नावाचं कोटेशन. हे पत्र विद्यार्थिनीच्या कॉलेज ईमेलवरून जायला हवं. कॉलेजात गेलेल्या मुलाची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय पालकांना द्यायची की नाही हे कॉलेजच्या मर्जीवर असतं, आणि बरीच कॉलेजं देत नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाला होकार आला. कॉम्प्युटरचा वाजवी खर्च वार्षिक खर्चात धरायला फेडरल नियमाची मुभा आहे, पण मागितल्याशिवाय बहुतेक कॉलेजं तो वाढवत नाहीत. वार्षिक खर्च 86,000 झाला, म्हणजे गरज 1,400 ने वाढली आणि ग्रँटमधली कपात 600 वर आली. चौथ्या प्रश्नासाठी वडिलांनी मंडळाच्या खजिनदारांना फोन केला. "काका, चेक निम्मा आत्ता आणि निम्मा पुढच्या वर्षी देता येईल का? नाहीतर तुमचे पैसे पोरीला न मिळता कॉलेजलाच जातात." मंडळाच्या समितीने एका बैठकीत ते मान्य केलं आणि तसं पत्र कॉलेजला दिलं. कंपनीच्या फाउंडेशनने मात्र नियम बदलत नाही म्हणून कळवलं. मोठ्या संस्था सहसा असंच सांगतात, तरी विचारून ठेवायला हरकत नसते.

नवा हिशेब असा झाला. बाहेरचे या वर्षी 9,250. त्यातले 8,000 लोन आणि वर्क-स्टडीच्या जागी. वरचे 1,250 लॅपटॉपसाठी वाढवलेल्या 1,400 मध्ये सामावले. ग्रँट पुन्हा पूर्ण 49,600. पहिल्या सेमिस्टरचं देणं 11,475, दुसऱ्याचं 11,125, वर्षाचे 22,600. मंडळाचे 750 पुढच्या वर्षासाठी शिल्लक. पुढच्या वर्षी ते कापले जाण्याची भीती कमी, कारण गावच्या निधीची स्कॉलरशिप एकाच वर्षाची होती आणि दुसऱ्या वर्षी फेडरल लोनची मर्यादा 6,500 होते, म्हणजे जागा आपोआप वाढते.

पैसे एकरकमी भरणं जमत नसेल तर प्लसकडे वळण्याआधी दोन वाटा आहेत. एक, कॉलेजचा हप्त्यांचा प्लॅन. इथे 50 डॉलर नोंदणी आणि बिनव्याजी पाच हप्ते होते, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला महिना 2,295. दुसरी वाट फारशी कोणी सांगत नाही. अनसबसिडाइज्ड लोन गरजेला बांधलेलं नसतं. एकूण मदत वार्षिक खर्चाच्या आत असेल तर घरच्या वाट्यासाठीही ते मागता येतं. म्हणजे कॉलेजने काढून टाकलेलं लोन, 5,500 च्या मर्यादेत, अनसबसिडाइज्ड म्हणून परत मागता येतं. व्याज 6.39 टक्के, पहिल्या दिवसापासून चालू, पण प्लसपेक्षा बरंच स्वस्त. या घराने ते घेतलं नाही.

वर्क-स्टडी गेली तरी मुलीला कॅम्पसवर काम करायला बंदी नसते. लायब्ररी किंवा जेवणघरातल्या ज्या जागा कॉलेज स्वतःच्या पैशातून भरतं, त्यांना अर्ज करता येतो. फरक एवढाच, की वर्क-स्टडीचा पगार पुढच्या फाफ्साच्या हिशेबातून वगळतात, हा पगार वगळत नाहीत.

कराचा भाग घाईत चुकतो. ग्रँट आणि स्कॉलरशिप ट्यूशन, सक्तीची फी आणि आवश्यक पुस्तकं यांवर खर्च झाली तर करमुक्त, राहण्या-जेवणावर खर्च झाली तर ते मुलीचं करपात्र उत्पन्न. इथे 58,850 ची मदत आणि 63,900 चं ट्यूशन-फी, त्यामुळे कर शून्य. उरलेल्या 5,050 पैकी 4,000 पगाराच्या खात्यातून भरायचे, 529 मधून नाही. त्या चार हजारांवर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट ही करसवलत पूर्ण 2,500 डॉलर मिळते, कारण दोघांचं एकत्र उत्पन्न 1,60,000 च्या आत आहे. तेच चार हजार 529 मधून भरले तर एकाच खर्चावर दोन सवलती घेता येत नाहीत आणि क्रेडिट हातचं जातं. 529 चे पैसे राहण्या-जेवणासाठी आणि लॅपटॉपसाठी वापरावेत. ज्या वर्षी पैसे काढले त्याच कॅलेंडर वर्षात तो खर्च झालेला हवा. जानेवारीतल्या सेमिस्टरचं बिल डिसेंबरमध्ये भरलं आणि पैसे जानेवारीत काढले, तर गोंधळ होतो.

चेक सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचले. बिलाची तारीख ऑगस्टमध्येच उलटली होती, पण देणगीदारांची पत्रं आधी दिलेली असल्याने बर्सर ऑफिसने, म्हणजे कॉलेजच्या फी जमा करणाऱ्या कार्यालयाने, ती रक्कम येणे म्हणून धरली आणि लेट फी लागली नाही. चेकवर मुलीचा कॉलेज आयडी लिहिलेला असणं आवश्यक होतं. गावच्या निधीच्या चेकवर तो नव्हता आणि तो चेक बारा दिवस कुणाच्याच खात्यावर न पडता तसाच राहिला.

पुढच्या वर्षाचा फाफ्सा आणि सीएसएस प्रोफाइल ऑक्टोबरपासून भरता येतात, ग्रँट त्यावर नव्याने ठरते. धाकटा भाऊ कॉलेजात गेला की दोघांमध्ये घरचा वाटा विभागला जाईल, असं हे घर धरून चाललं होतं. फाफ्साच्या सूत्रातून ती सवलत 2024-25 पासून गेली आहे. सीएसएस प्रोफाइल वापरणारी बरीच कॉलेजं अजून ती देतात, पण हे त्या त्या कॉलेजला विचारावं लागतं, आणि भावाची यादी ठरण्याआधी विचारावं लागतं. विम्याचा वेव्हर तर दर ऑगस्टला नव्याने भरायचा, मागच्या वर्षीचा मंजूर असला तरी.